आप्पांच्या वहीतला चष्मा

ताई, नमस्कार.

आम्ही ऐरोलीला राहतो. मी, नवरा, नववीतली मुलगी आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणतो. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत त्यांनी तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. सासूबाई गेल्यापासून त्यांचा सगळा वेळ एका मित्रासोबत जायचा. दोघं रोज पहाटे खाडीच्या बाजूला चालायला जायचे. गेल्या श्रावणात ते काका एकटेच गेले (त्या दिवशी आप्पांचा गुडघा धरला होता) आणि परत आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी कांदळवनात सापडले. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली.

तेव्हापासून आप्पा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ बघतात. सीरियल किलर आणि सरकारने दाबलेली प्रकरणं, दुसरं काही नाही. खाडीपट्ट्यात एक खुनी फिरतोय, ठाण्यापासून वाशीपर्यंत सापडलेली प्रेतं हे त्याचंच काम आहे आणि घरांचे भाव पडू नयेत म्हणून वरून सगळं दाबलं जातंय, असं त्यांचं ठाम मत झालंय. त्यांनी एक वही केलीय. एका पानाचा फोटो सोबत पाठवते. काही बोलायला गेलं की म्हणतात, "निठारीतपण लोकांना असंच उडवून लावत होते." माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता, तो 'चौकशी सुरू आहे' म्हणून नाकारला. म्हणाले, झालं, हाच पुरावा.

मुलीचा क्लास त्यांनी बंद करायला लावला. आणि मागच्या रविवारी हद्द झाली. आमच्याकडे हातगाडी घेऊन एक भंगारवाला येतो. त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "हा पहाटे खाडीकडे दिसतो. सावध राहा." तो फोटो आता शेजारच्या दोन सोसायट्यांत फिरतोय. नवरा चिडून म्हणाला, यांना ठाण्याच्या मनोरुग्णालयात दाखवायला हवं. त्यावर आप्पांनी दोन दिवस जेवण सोडलं. मला त्यांना वेडं ठरवायचं नाहीये. पण हे सगळं खोटं आहे हे त्यांना पटवून कसं देऊ?

– एक सून, ऐरोली

* * *

तुझं पत्र आलं त्याच दिवशी उत्तराला बसले, कारण त्यातली एक गोष्ट थांबणारी नाही. आधी तो फोटो.

आज संध्याकाळच्या आत ग्रुपच्या अ‍ॅडमिनला सांगून तो काढायला लाव. नुसता काढून भागणार नाही. जिथे जिथे गेला तिथे खुलासा गेला पाहिजे, आणि शक्यतो आप्पांच्या नावाने: "मी टाकलेल्या फोटोतल्या माणसाविरुद्ध माझ्याकडे काहीही नाही. फोटो पुढे पाठवू नका, आला असेल तर काढून टाका." एवढंच. आप्पा तयार झाले नाहीत तर नवऱ्याने टाकावा, त्यांची समजूत निघायची वाट बघू नका. आणि तो भंगारवाला येईल तेव्हा नवऱ्याने खाली उतरून त्याला सगळं सांगावं. त्याचा चेहरा तीन सोसायट्यांच्या मोबाइलमध्ये आहे आणि त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नाही. त्याला पोलिसांकडे जावंसं वाटलं तर तो त्याचा हक्क आहे, हेही त्याला सांगा. अफवा पसरवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो, हे तुम्हा दोघांना माहीत असावं म्हणून सांगते. आप्पांना धमकी द्यायला ते वापरू नका.

मी एवढी घाई का करते ते सांगते. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. मुलं पळवणारे आलेत, असे मेसेज आधीपासून मोबाइलवर फिरत होते. १६ एप्रिल २०२०, लॉकडाऊनमधली रात्र, पालघर जिल्ह्यातलं गडचिंचले. अंत्यसंस्काराला सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. तिथेही चोर आले, पोरं पळवणारे आले, हीच अफवा, आणि जमावाने तिघांनाही ठार मारलं. पालघर जिल्हा २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, हे काही लांबचं नाही गं. त्या जमावातल्या कुणालाच आपण खून करतोय असं वाटलं नसणार. आपण पोरांना वाचवतोय, असंच वाटलं असणार. आप्पांनाही तेच वाटतंय, म्हणून मला भीती वाटते.

आता वही.

तू पाठवलेलं पान मी मोठं करून तीनदा वाचलं. पट्टीने आखलेले रकाने. अनुक्रमांक, दिनांक, ठिकाण, भरतीची वेळ, शेरा. या माणसाने जन्मभर स्टॉक रजिस्टर लिहिलं, आणि दुःख झालं तेव्हा त्याचंही रजिस्टरच घातलं. पानावर आठ नोंदी आहेत. दुसरीपासून आठवीपर्यंत शेऱ्याच्या रकान्यात व्हिडिओतून उचललेली भाषा आहे: 'पॅटर्न', 'मीडिया गप्प', 'वरून आदेश'. पहिल्या नोंदीपुढे मात्र एकच शब्द. 'चष्मा?' तोच शब्द पानाच्या तळाशी पुन्हा, आणि समासात उभा लिहिलेला पुन्हा एकदा. हा शब्द कुठल्याच व्हिडिओतला नाही. तो त्यांच्या मित्राचा आहे. गेला तेव्हा चष्मा घालून गेला असणार, आणि त्या चष्म्याचं काय झालं ते आप्पांना कुणी सांगितलेलं नाही.

तू कंसात लिहिलंस की त्या दिवशी त्यांचा गुडघा धरला होता. मला वाटतं तुझं सगळं पत्र त्या कंसात आहे. रोज बरोबर जाणारा माणूस एक दिवस गेला नाही, आणि त्याच दिवशी हे घडलं. खुनी असेल तर दोष खुन्याचा. दाबणारं सरकार असेल तर दोष सरकारचा. आणि दोन्ही नसतील तर रात्री दोन वाजता जाग्या असलेल्या त्या माणसाकडे फक्त स्वतःचा गुडघा उरतो. व्हिडिओ खोटा आहे असं तू म्हणतेस तेव्हा त्यांच्या कानावर काय पडत असेल, याचा विचार कर.

म्हणून 'पटवून कसं देऊ' या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर आहे की पटवायला जाऊच नकोस. शिवाय या गोष्टीची रचनाच अशी असते की तुझा प्रत्येक मुद्दा तिच्याच पोटात जातो. पुरावा नाही? दाबला म्हणून नाही. पोलीस बोलत नाहीत? बघा, गप्प केलंय. पोलीस बोलले? बघा, घाबरले. त्या आखाड्यात उतरलीस की घरातली तू 'त्यांच्या बाजूची' होतेस, बस्स.

आणि एक मान्य कर, मनापासून कर: आप्पा जे म्हणतात त्यातलं बरंच खरं आहे. दिल्लीजवळच्या नोएडातल्या निठारीचं खरं आहे. मुलं हरवल्याची तक्रार घेऊन गेलेल्या गरीब आईबापांना तिथे दाद मिळाली नाही. डिसेंबर २००६ मध्ये तिथल्या एका घरामागच्या नाल्यात मुलांचे अवशेष सापडले तेव्हा कुठे देश हलला. पुढे ज्यांना फाशी सुनावली गेली त्यांना अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सोडलं, तपासावर कडक ताशेरे ओढले आणि अवयवांच्या व्यापाराच्या शक्यतेचा तपास नीट झाला नाही असंही नोंदवलं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ती सुटका कायम राहिली. म्हणजे त्या पोरांना कुणी मारलं, याचं कोर्टात टिकलेलं उत्तर आजही नाही. आप्पांना राग येतो तो रास्त आहे. मलाही येतो.

पण अशा प्रकरणांत सरकारने नेमकं काय दडवलं हे पाहत गेलं की जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट हाती लागते: आपली ढिलाई. इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड शिपमन नावाचा डॉक्टर आपल्याच पेशंटना इंजेक्शन देऊन मारत होता. मार्च १९९८ मध्ये दुसऱ्या एका डॉक्टरने शंका घेतली, पोलिसांनी वरवर बघून प्रकरण मिटवलं, आणि त्यानंतर आणखी तीन बायका गेल्या. हे बाहेर काढलं तेही सरकारी चौकशीनेच. २००२ मध्ये तिने २१५ बळी नोंदवले आणि पुढच्या अहवालात पोलिसांची चूकही लिहून ठेवली. आपल्याकडे गावित बहिणींचं प्रकरण. लहान पोरं पळवून मारणाऱ्या त्या दोघी १९९६ मध्ये पकडल्या गेल्या, २००१ मध्ये कोल्हापूरच्या कोर्टाने फाशीची शिक्षा दिली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मग दयेचा अर्ज. ती फाइल टेबलांवरून फिरत राहिली ती २०१४ पर्यंत. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच विलंबामुळे फाशीची जन्मठेप केली. त्या मागे कुणाचा कट होता? कुणाचाच नाही. फाइल पडून होती. ज्यांची लेकरं गेली त्यांच्या दृष्टीने हे कटापेक्षा कमी वाईट आहे, असं मी म्हणणार नाही.

आणि रामन राघव. आप्पांच्या व्हिडिओंमध्ये तो असणारच. १९६८ मध्ये मुंबईच्या फुटपाथांवर, झोपड्यांत झोपलेल्या माणसांचे मुडदे पडत होते. हा माणूस त्याआधी संशयावरून पोलिसांच्या हातात येऊन पुराव्याअभावी सुटला होता. क्राइम ब्रँचमध्ये रमाकांत कुलकर्णींनी तपास हातात घेतला आणि २७ ऑगस्टला अ‍ॅलेक्स फियालो या सबइन्स्पेक्टरने वर्णनावरून त्याला रस्त्यात ओळखलं. त्याने ४१ खून कबूल केले. फाशीची शिक्षा झाली, पण पुढे डॉक्टरांच्या मंडळाने त्याला तपासलं आणि अखेर शिक्षा जन्मठेपेची झाली. त्या तपासणीत तो काय सांगत होता माहीत आहे? देशात तीन सरकारं आहेत, अकबराचं, ब्रिटिशांचं आणि काँग्रेसचं, आणि तिन्ही माझ्या मागे लागली आहेत. मी 'कानून'चा माणूस आहे. सरकारनेच मला चोऱ्या करायला मुंबईत आणलं.

हे मी मुद्दाम सांगते, पण आप्पांना ऐकवायला नाही. तुझ्या नवऱ्याला ऐकव. मनाचा आजार कसा दिसतो, ते यात आहे. रामन राघवाला कसलीच शंका नव्हती. आप्पांच्या वहीत चष्म्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. ज्याला अजून प्रश्न पडतोय तो माणूस तुमच्या हाताला लागतो.

तरी लक्ष ठेव. घरातलेच लोक कटात आहेत असं ते म्हणायला लागले, जेवणात काही घातलंय असा संशय आला, कुणी नसताना आवाज ऐकू यायला लागले, किंवा सलग चार-पाच रात्री झोप नाही, तर थांबू नका. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि डॉक्टरकडे न्यायची वेळ आली तर 'झोप लागत नाही, ते बघू' म्हणून न्या. ठाण्याच्या मनोरुग्णालयाचं नाव आपल्याकडे शिवीसारखं वापरतात, आणि ते रागात घेतलं गेलं म्हणून आप्पांनी ताट सरकवलं. नवऱ्याने त्याबद्दल बापाची माफी मागावी. मुलगा म्हणून मागावी, एवढं त्याने केलंच पाहिजे.

खाडीबद्दल थोडं, कारण वहीतला भरतीचा रकाना मला पटला. आप्पा बरोबर जागी बघतायत, पण दुसरी बाजू कुणी दाखवलेली नाही. ठाण्याची खाडी खाली मुंबई बंदराला मिळते, वर चिंचोळी होत उल्हासच्या खाडीला. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. पलीकडे मुलुंड, भांडुप, विक्रोळी, अलीकडे कळवा, ऐरोली, घणसोली, वाशी. बुडालेलं शरीर आधी तळाला जातं, आपल्याकडच्या कोमट पाण्यात दोन-तीन दिवसांनी फुगून वर येतं, आणि मग पाणी नेईल तिकडे जाऊन तिवरांच्या मुळांत अडकतं. दोन्ही काठांवर कुठेही पाय घसरो, कुणी उडी मारो, कुणाला झटका येवो, सापडण्याच्या जागा त्याच त्या. आठ नोंदी एका पानावर आल्या म्हणजे त्या एका हाताच्या होत नाहीत. अमेरिकेत २००८ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांतून निवृत्त झालेल्या डिटेक्टिव्हनी असाच सिद्धांत मांडला होता. पार्टीहून निघालेली कॉलेजची पोरं नदीत, तळ्यात बुडालेली सापडतात, आणि काही ठिकाणी जवळपास हसरा चेहरा रंगवलेला असतो, म्हणजे टोळीच. एफबीआयने त्याच वर्षी सांगितलं की या मृत्यूंना जोडणारा पुरावा नाही, बहुतेक दारू पिऊन बुडाल्याच्या घटना दिसतात. आणि हसरा चेहरा कुठल्याही शहरात भिंतीवर शोधायला गेलं की सापडतोच. पण त्या मुलांच्या आईबापांपैकी काहींनी तो सिद्धांत घट्ट धरून ठेवला, कारण 'बुडाला' या एका शब्दावर त्यांची बोळवण झाली होती. मी त्यांना नावं ठेवणार नाही.

माझा मामा १९८९ मध्ये कळवा आणि मुंब्र्याच्या मधे लोकलमधून पडून गेला. 'पडला' एवढंच आम्हाला सांगितलं. माझ्या आईला ते कधी पटलं नाही. तो दारात उभा राहणाऱ्यातला नव्हता, त्याला कुणीतरी ढकललं, आणि हे त्याच्या धंद्यातल्या भागीदाराने करवलं, असं तिने मनाशी धरलं. आम्ही भावंडं तिला समजावत राहिलो. आई, गर्दी असते, पडतात माणसं. बारा वर्षांनी मला सुचलं की कागद तरी बघू. पोलीस ठाण्यात गेले तर जुनं रेकॉर्ड नष्ट केलंय, म्हणाले. संध्याकाळी घरी येऊन तिला ते सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवलं नाही तिने. म्हणाली, "बघ, ठेवलंच नाही." ती गेली तोवर त्या भागीदाराच्या बायकोशी एक शब्द बोलली नाही. दोघी लहानपणच्या मैत्रिणी होत्या. कदाचित त्या कागदात काहीच नसतं. पण आईने तो वाचायला हवा होता, आणि आम्ही बारा वर्षं तिला फक्त समजावत बसलो.

म्हणून तू समजावत बसू नकोस. कागद मिळव, आणि आत्ताच मिळव.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली की पोलिसांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे पंचांसमोर मरणोत्तर पंचनामा करावा लागतो. अंगावर काय जखमा, कपडे कोणते, खिशात काय, बोटात अंगठी होती का, सगळं त्यात लिहितात. मग शवविच्छेदनाचा अहवाल. व्हिसेरा, म्हणजे शरीरातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने जातात, आणि 'चौकशी सुरू आहे' हे पुष्कळदा त्यामुळेच असतं. बुडून मृत्यू झाला की नंतर पाण्यात टाकलं, हा आप्पांचा खरा प्रश्न असेल तर त्यावर शास्त्रात एक तपासणी आहे. जिवंतपणी पाण्यात गेलेल्या माणसाच्या हाडातल्या मगजापर्यंत पाण्यातली डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं पोचू शकतात. ती तपासणी झाली होती का, एवढं विचारता येतं.

हे कागद आप्पांना मिळणार नाहीत, ते नात्यातले नाहीत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज अडला त्यात याचाही भाग असू शकतो. तरी सांगते, नुसतं 'चौकशी सुरू आहे' लिहून भागत नाही, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल ते सांगावं लागतं. ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, आप्पांना करू दे. पण जवळचा रस्ता काकांच्या घरातून जातो. त्यांची बायको, मुलगा कुठे असतील तिथे तू आणि आप्पा जा. मृत्यूच्या दाखल्यासाठी, विम्यासाठी पंचनाम्याची आणि शवविच्छेदनाची प्रत त्यांनी बहुधा काढलेलीच असेल. नसेल तर मुलाने वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे साधा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. कागदात खरंच काही खटकलं तर उपायुक्तांकडे अर्ज करता येतो. ठाण्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, पुढचा रस्ता ते सांगतील.

कागदात काय निघेल ते मला माहीत नाही. हृदयविकाराचा झटका निघेल, पाय घसरला असं निघेल, किंवा ऐकवणार नाही असंही काही निघेल. आप्पांना एकट्याने वाचू देऊ नकोस. नवऱ्याला त्या दिवशी सुट्टी काढायला लाव.

मुलीचा क्लास सोमवारपासून सुरू. यात तडजोड नाही, नववीचं वर्ष आहे. आप्पांना काळजी वाटते तर त्यांनी सोडायला आणि आणायला जावं. गुडघा दुखला तर रिक्षाने. पण दुखला म्हणून तिचा क्लास बुडणार नाही, आणि ते आले नाहीत तरी ती सुखरूप परत येते, हे त्यांना एक-दोनदा दिसू दे.

आणि काकूंकडे जाल तेव्हा पंचनाम्याच्या आधी चष्म्याचं विचार. सापडला असेल तर पोलिसांनी तो घरच्यांना परत दिला असेल, बहुतेक कपाटात कुठल्या पिशवीत पडला असेल, कारण अशा वस्तू टाकवत नाहीत आणि बाहेर ठेववत नाहीत. मिळाला तर काकूंना विचारून आप्पांच्या हातात दे, आणि थोडा वेळ त्या दोघांना तिथेच बसू दे.